पाकोळ्यांची गुहा

१३ एप्रिल, रविवार

जमलं! लालबागच्या आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत आज प्रोजेक्टरमधून भिंतीवर गावासमोरचं बेट उजळलं. समोर बावीस मुलं. सगळी मुंबईत वाढलेली, मे महिन्यात गावी जाणारी. त्यांना बेटावरच्या गुहेतला टकटक आवाज ऐकवला.

दहा वर्षांची श्रेया लगेच म्हणाली, "बेटाचा राखणदार दात वाजवतो. आत जाणाऱ्याला धरतो."

मी सांगितलं – राखणदार नाही, पाकोळ्या आहेत, छोटे पक्षी. अंधारात वाट कळावी म्हणून तसा आवाज काढतात. थुंकीने गुहेच्या कातळाला घरटं चिकटवतात.

"म्हणजे आत घाबरण्यासारखं काहीच नाही?"

काहीच नाही, मी म्हणाले. टाळ्या.

मंडळातले सगळ्यांत जुने धोंडूआजोबा मधेच उठून गॅलरीत गेले. त्यांना भुतंच हवीत.

२७ एप्रिल

बेटाच्या पर्यटनासाठी मी लिहिलेले नियम मंडळाने मंजूर केले. होडीत दहाच माणसं, गावचाच वाटाड्या, बेटावर उतरायचं नाही. दादरच्या आमच्या पक्षी-संवर्धन संस्थेत पेढे वाटले. आईला म्हटलं, वाचून दाखवू? "तू लिवलंस म्हणजे बराच आसतला."

१८ मे

मंडळाच्या ग्रुपवर गावचे फोटो. गुहेच्या आत आमचीच मुलं – मोबाइलचे टॉर्च छतावर रोखलेले. सगळ्यांत पुढे श्रेया, हसतेय. मागे आईवडील.

तिचे बाबा, हितेंद्रदादा, त्यांना लगेच फोन केला.

"अगं, नियम टुरिस्टांसाठी ना? आपण काय टुरिस्ट? आपलंच बेट. आणि तूच म्हणालीस, आत काही नाही."

फोटो मोठा करून पाहिला. मुलांच्या पायांशी घरट्यांतून पडलेली पिल्लं. अंगावर पिसंही नाहीत.

२१ मे

होडीवाल्या रामजींचा फोन. दोन दिवस गुहेच्या तोंडाशी होडी लावून बसले होते. आतून आवाज नाही.

२४ मे

पंखा टकटक करतो म्हणून बंद केला. घामाघूम होऊन बसले. आईने उठून खिडकी उघडली.

टकटक चालूच.

१ जून, रविवार

धोंडूआजोबांनी बोलावलं. परळला, त्यांच्या चाळीत. रागावतील वाटलं होतं. आधी चहा दिला.

मग म्हणाले, "पाकोळ्यो आसत, ह्यां माका ठावक होता. माझ्या बापाशीकव ठावक होता."

"मग कधी सांगितलं का नाहीत?"

"सांगान काय करतलंय? सगळी आत घुसली असती."

त्यांनी कप बाजूला सारला.

"आता तूच सांग पोरांका. राखणदार आसा म्हणान. आमचा कोण ऐकणा नाय. शिकलेल्या माणसान सांगल्यार खरा वाटतला."

मी नाही म्हणाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती ह्यासाठी घेतली नाही.

५ जून

रामजींना फोन केला. उरलेल्या पाकोळ्या परतल्या का? "चार-पाच दिसल्यो," म्हणाले. गेल्या वर्षी मोजता येत नव्हत्या. उरलेल्यांनी पुढच्या वर्षी घरटी बांधली, आणि मुलं पुन्हा गेली तर?

८ जून, रविवार

सांगितलं.

तीच खोली, तीच मुलं. मागच्या वेळी अर्धंच सांगितलं होतं, म्हणाले. आवाज पाकोळ्यांचाच, पण पाकोळ्या राखणदाराच्या आहेत. आत येऊन त्यांना त्रास देणाऱ्याला तो विसरत नाही.

कुणी हसलं नाही. धोंडूआजोबा मान खाली घालून बसले होते.

घरी येऊन परत आंघोळ केली.

१५ जून

श्रेया दारात. तिची आई सांगत होती, आठ दिवस मोरीतसुद्धा एकटी जात नाही.

"ताई, एक पिल्लू माझ्या पायाखाली आलं होतं. मुद्दाम नाही केलं. राखणदाराला कळलं असेल?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पुढचा मे डोळ्यांसमोर आला.

"हो," मी म्हणाले.