निलम्माची हुळी

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५९

आले बाई एकदाची माझ्या स्वतःच्या घरात. लातूरला सासूबाईंच्या हाताखाली चार वर्षं काढली. इथे चूल माझी, तवली माझी आणि मीठ जास्त पडलं तरी बोलणारं कुणी नाही. यांची चिटगुप्प्याजवळच्या या गावी मास्तर म्हणून बदली झाली, देव पावला.

घर गावाबाहेर शेतात आहे. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, बाहेर जायला दार एकच. स्वयंपाकघराला मागच्या बाजूला हातभर झरोका. हे म्हणाले, चोराला वावच नाही.

शेजार म्हणजे बांधापलीकडच्या झोपडीतली म्हातारी निलम्मा. आल्या आल्या तिनं चिंचेचं आंबट कालवण आणून दिलं. कानडीत त्याला हुळी म्हणतात. तिचे दात पडलेत, म्हणून तिच्या तोंडी ‘हुली’ होतं. यांनी तिची अशी काही नक्कल केली की मला ठसका लागला.

शुद्ध ९

आता रोजचंच झालंय. बांधावरून ‘अक्का, हुली’ अशी हाक येते आणि मी दार उघडते. हेही शाळेतून आले की दाराबाहेरूनच विचारतात, हुली झाली व्हय? मला कानडी शब्द दोनच आले: हुळी, आणि बागिलु म्हणजे दार.

आज निलम्मा मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होती, ओढ्याकडे वाघरू फिरतंय, कुणाची तरी शेळी नेली. समोर आलंच तर काय करायचं ते तिनं उभं राहून दाखवलं.

“पळू नगं अक्का. पाठ दावू नगं, वाकू नगं. पदर वर धर, मोठी दिस. बोलत बोलत मागं सर.”

मी पदर पसरून तिच्याच कोंबडीला भिववलं. दोघी पोट धरून हसलो.

शुद्ध १२, सकाळ

हे चिटगुप्प्याला गेलेत, दिवस मावळताना येतील. भाकरी टाकायला घेते.

दुपार

वही चुलीपाशीच होती म्हणून लिहितेय. सकाळी बांधावरून निलम्मा ओरडली, “अक्का, हुली बंतु, बागिलु हाकु.” मला हुळी आणि दार एवढंच कळलं. हसत दार उघडलं. पायरीवर बिबळ्या उभा.

पळाले नाही. पदर वर धरला, तोंडाला येईल ते बोलत मागं सरले. रामाचं नाव, पाढे, सासूबाईंचे बोल, सगळं. स्वयंपाकघरात शिरून आतून कडी लावली. तो पुढच्या खोलीत आला आणि वाऱ्यानं बाहेरचं दार आपटलं. आता तोही कोंडलाय.

निलम्मा झरोक्याशी येऊन रडली. वाघालाही हुलीच म्हणतात. हुली बंतु म्हणजे वाघ आला, बागिलु हाकु म्हणजे दार लाव. ती लाव म्हणत होती. गावातून माणसं आणायला गेलीय.

उन्हं कलली

माणसं आली नाहीत, सगळी लांब रानात असतील. फळ्यांच्या फटीतून त्याचा वास येतो. नखं लावतो, थांबतो. ओरडलं की लांब जातो, म्हणून ओरडत राहिले. आता घसा गेलाय. नुसती हवा येते.

फार भीती वाटते. हे येतील. दार नुसतं ढकलतील.

दिवेलागण

यांचा खोकला — बांधावरच. झरोक्याकडे नाही, दाराकडे चाललेत —

आवाज निघत नाही. तवली आपटली, परात —

लांबून निलम्मा. हुली, हुली —

हे हसले. भांडी ऐकून हसले.

“आलो, आलो. हुली झाली व्हय?”

फटीतून शेपूट दिसते. तो बाहेरच्या दाराकडे तोंड करून दबलाय —

माझी कडी काढली तर इकडे वळेल. वळेलच. काढते.

पदर वर. पाठ दाखवायची नाही. बोलत राहा म्हणाली होती, पण माझा आवा