लाथ वासरानं मारली, आम्ही न्हाई

सौ. विहीणबाई नीलम्माबाई यांना औशाकडच्या शिवकांताचा शरणार्थ. इकडं समदे खुशाल. तुमचे गुडघे कसे हायत? अन् वैजनाथ डायव्हरची कंबर? त्याला विटेचा शेक द्यायला सांगा. (फोन केला तर तुम्ही "आवाज येईना" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपस्तोरच झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.)

जावयांच्या तोंडी तुमचा निरोप आला की आम्ही तुमच्या माणसाला मारलं. विहीणबाई, आम्ही बोट लावलं न्हाई! तुमचा टेम्पो आला, वैजनाथ म्हणला, "मावशी, गाय न्यायची हाय." मी म्हणलं, "वासरू पितंय तवर न्हाई." तरी त्यानं दाव्याला हात घातला, अन् आमच्या गोऱ्ह्यानं मागच्या दोन्ही पायांनी त्याला शेणाच्या ढिगात बसवला. तोंडावर मी "अरारा" केलं, पर खोटं कशाला बोलू, जीव लई हरखला.

ती लाथ कुठून आली ते ऐका. ही देवणी गाय आमच्या उज्वलाच्या लग्नात आम्हीच दिलेली. तिचं पहिलं वासरू तुमच्याकडं झालं. गायीला नुसता वाळका कडबा, अन् दूध समदं तुमच्या चहाला. मागून त्या वासराला पेंड चारून चारून पोट सुटलं, मांड्या काटक्याच राहिल्या. जनावरांचा डॉक्टर बी म्हणला, आई पाजत असताना काय खाती त्यावर लेकराचं अंग धरतंय. (हे सांगायला डॉक्टर कशाला? पर माझं तुम्हाला पटत न्हाई.)

औंदा उज्वलाला बाळंतपणाला धाडा म्हणलं, तर तुम्ही म्हणला उदगीरचा दवाखाना जवळ हाय. बरं. मग गाभण गाय तरी माहेरी आणली. गाव हसलं. हसू द्या! गाय इथं व्याली, तिच्या कानाला फडकं बांधलं, सरकी, तुरीची चुनी, हिरवा मका, मेथ्या, गूळ, काही कमी केलं न्हाई. आमच्या ह्यांनी गुळाच्या खड्याला हात लावला तर म्हणलं, "तुम्ही व्यालात का?" तवापासून रुसून पारावर बसतेत.

अन् तुम्हाला पाकिटाचं दूध घ्यावं लागतंय म्हणून गाय पाहिजे? घ्या पाकीट! वासराचं दूध सुटल्याबिगर दावं सुटणार न्हाई. व्याह्यांना सांगा, पंच बसवा न्हाईतर पोलीस आणा, मी गोठ्यातच खाट टाकलीया.

नातीला मुका.
तुमची विहीण,
शिवकांता

ता.क. नातीला व्हिडिओवर बघितलं. लई देखणी! नाक आमचं हाय. पर मागं उज्वलाच्या ताटात पातळ वरण अन् चिमूटभर भात दिसला. विचारलं तर तुमचंच नाव घेती, "आत्याबाई म्हणल्या, जड खाऊ नको." पाजणारी बाई हाय ती, विहीणबाई!

आणखी ता.क. गाय-वासरू दोन्ही घेऊन जा. गोऱ्ह्याला मी धरते. फक्त टेम्पो रिकामा धाडू नका, पुढं उज्वला अन् लेकरू बसवा. उज्वलाला जायचं का म्हणून विचारू नका, तुमच्यासमोर ती न्हाईच म्हणंल. नुसतं बसवा.