आगाऊ नवस

२२ डिसेंबर १९८७, मंगळवार
जामसांवलीला जाऊन मारुतीला नवस बोललो. कमल घरी परत आली की गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण. देवळाबाहेर आल्यावर वाटलं, बायको येणार तर आहेच, मग वाट कशाला बघायची? पुढच्याच मंगळवारी रोडगे ठरवून टाकले. तहसीलमधल्या सगळ्या स्टाफला आमंत्रण दिलं. शेजारचे नत्थूजी म्हणाले, गुणवंता, पहिले सूनबाई तं येऊ दे, नवस काम झाल्यावर फेडत असतेत. जुन्या वळणाचे आहेत. देवालाही ॲडव्हान्स मिळाला तर बरंच वाटेल.

२३ डिसेंबर
प्लॅन. कमल जुलैपासून पहाडावरच्या कॉलेजात हॉस्टेलची वॉर्डन आहे. निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, जायचं तर जा, मी बोलवायला येणार नाही. शब्द म्हणजे शब्द. तेव्हा बोलवायला जायचं नाही. नाताळच्या सुट्टीत थंड हवा खायला जायचं. ती तिथे सहज भेटेल. 'घरी चल' असं आपण म्हणायचं नाही. 'येते' हे तिच्याच तोंडून निघालं पाहिजे. साधा प्लॅन आहे, म्हणून पक्का आहे.
भाजीवाल्या कवडूला वांगी सांगितली. गोवऱ्या नत्थूजींच्या यमुनाकाकू देणार. नैवेद्याला जोडप्यानं बसावं लागतं, म्हणून कमलची हिरवी साडी पेटीतून काढून उन्हात टाकली.

२५ डिसेंबर, शुक्रवार
छिंदवाड्याला बस बदलली. संत्र्यांची टोपली पूर्ण रस्ता मांडीवर. स्वेटर घरी राहिलं. संकल्प: थंडी मनावर घ्यायची नाही.

संध्याकाळ
थंडी मनावर नाही, पायांवर आहे. गाव एवढंसं. एक कॉलेज, एक हॉस्टेल, चहाच्या टपऱ्या आणि धुकं. नाव लिहून ठेवावं इतकं मोठं नाही. लॉजवाल्यानं एकच रजई दिली. आणखी मागितली नाही. मागायची सवय नाही.

२६ डिसेंबर, दुपार
हॉस्टेलवर गेलो. पुरुषांनी व्हरांड्यातच बसायचं असा नियम आहे, आणि तो कमलनंच केलेला आहे म्हणे. ती शाल गुंडाळून आली. वाळली आहे. मला काही वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.
कसे काय आले, विचारलं. म्हटलं, हवा खायला. तुझ्यासाठी असं काही नाही. हे चांगलं जमलं.
बोटं इतकी बधिर झाली होती की संत्रं सोलता येईना. तिनं माझ्या हातातून घेतलं, सोललं, फोडींवरचे धागे काढून एकेक फोड हातावर ठेवली. वॉर्डनला पोरींची अशी कामं करायची सवय होत असेल. उरलेली टोपली पोरींना वाटली.
उद्यापासून कॉलेजला सुट्टी आहे. पोरी घरी चालल्या, मेस बंद होऊन राहिली, असं म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, मेस बंद, स्वयंपाकीणही गावी चालली, आता एवढ्या हॉस्टेलात मी एकटीच. मी म्हटलं, बरं झालं, आराम मिळेल तुला. यावर तिनं मान खाली घातली. पटलं असावं.
घरची खबर विचारली. नवसाचं सांगितलं असतं तर प्लॅन फुटला असता. म्हटलं, नत्थूजींकडे मंगळवारी रोडगे आहेत. म्हणाली, रोडगे खाऊन किती दिवस झाले मले. मी म्हटलं, हो, लोक खूप येणार आहेत.
निघताना उद्याच्या बसची वेळ सहज सांगून ठेवली. प्रगती उत्तम. उद्या 'येते' म्हणणार.

२७ डिसेंबर, रविवार, बसमध्ये
स्टँडवर कमल माझ्याआधीच येऊन उभी होती. हातात मोठी बॅग. धोब्याकडे टाकायचे कपडे असणार. रविवारी धोबी बंद असतो, पण मी बोललो नाही. एवढ्या थंडीत उचलून आणली, उगाच खट्टू झाली असती.
कंडक्टरनं आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, दो टिकट? मी म्हटलं, एक.
कमल म्हणाली, काही सांगाचं राहिलं का? मी नीट आठवून पाहिलं. म्हटलं, तब्येतीला जप.
मागे वळून पाहणार नव्हतो. एकदाच पाहिलं. ती तिथेच उभी होती, बॅग जमिनीवर ठेवून. मला काही वाटलं नाही. थंडीनं पाय तर गुडघ्यापर्यंत जाणवतच नव्हते.

२८ डिसेंबर
ती 'येते' म्हणाली नाही, पण 'येत नाही' असंही म्हणाली नाही. म्हणजे उद्या सकाळच्या बसनं येणार. साडीला इस्त्री केली.

२९ डिसेंबर, मंगळवार
सकाळची बस आली. कमल नाही.
लोक आले. वांग्याची भाजी सगळ्यांना आवडली. नैवेद्याला जोडपं हवं, तर नत्थूजी आणि यमुनाकाकू बसले. नंतर काकू माझ्याजवळ आल्या. कमलनं नाही म्हटलं काय, विचारलं. म्हटलं, तिनं काही म्हटलंच नाही. मग त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. हॉस्टेल, मेस, स्टँड. मी बॅगेपर्यंत आलो तेव्हा त्यांच्या हातातला रोडगा तसाच राहिला. म्हणाल्या, अरे बाप्पा गुणवंता, ते तुह्यासंगं याले बॅग भरून उभी होती न! एक 'चल' म्हणाले काय जड झालं होतं तुले?
मी म्हटलं, काकू, ते धोब्याचे कपडे होते.
काकू माझ्या ताटात तूप वाढून निघून गेल्या.

संध्याकाळ
सगळे जेवून गेले. मी जेवलो नाही. साडी खुर्चीवरच आहे.
कमलनं कधी धोब्याकडे कपडे टाकले नाहीत. घरचे सगळे तीच धुवायची. माझेसुद्धा.