गल्लीचा रक्तदाब

३ मार्च, मंगळवार

आले — वजनकाटा एक (काच तडकलेली). रक्तदाबाचे यंत्र एक. दंडाला गुंडाळायचे पट्टे दोन, त्यातला एक धरतच नाही. पोट मोजायची फीत. भिंतीवर लावायचे तक्ते सात. जाड वही एक. पेनं दोन, निळं आणि लाल.

मोल — फुकट म्हणे! हमालाचे साठ मी दिले. यंत्रात बॅटऱ्या नव्हत्या, त्यांचे ऐंशी मी दिले. आरोग्य कचेरीचं फुकट असं असतं.

हे सगळं माझ्याच गळ्यात का? तर मी मॅट्रिक, अक्षर बरं, आणि बावीस वर्षांचे घरचे हिशेब विनाचूक. अकरा घरं, त्रेचाळीस मोठी माणसं. दर शनिवारी प्रत्येकाचा दाब आणि वजन मोजायचं. तंबाखू किती, चालणं किती, घरात मीठ किती, सगळं वहीत. दाब चढलेला असला तर लाल शाई. कचेरीची सिस्टर सोमवार-आड-सोमवार येणार, आणि लाल आकड्यांना गोळ्या देणार. फुकट.

सिस्टर वयाने माझ्या मुलीएवढी. जाताना म्हणाली, “घर बाईच्या हातात असतं, काकू. मिठाचा डबा तुमच्याच हातात ना?”

डबा माझ्या हातात आहे बाई. तोंडं कुठे माझ्या हातात आहेत!

७ मार्च, शनिवार

पहिली मोजणी. सकाळी आठपासून ओसरीवर रांग. देवाचं नावसुद्धा धड घेता आलं नाही.

समोरचा शिंपी. दिवसाला नऊ पुड्या तंबाखू. चालता का विचारलं, तर हो म्हणाला, रोज नऊ वेळा दुकानापर्यंत जाऊन येतो. पुडी आणायला! चालण्याच्या रकान्यात तेही लिहा म्हणाला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं पोट फितीत मावेना, दोन वेळा श्वास रोखून उभा राहिला. खारे दाणे, तंबाखू, गोड पाणी, गल्लीचं सगळं दुखणं हाच विकतो, आणि भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचून दाखवतो.

शेवटी हे. १७६ वर, ११० खाली. तीनदा मोजलं. धरत नाही तो पट्टा तर नाही ना म्हणून बदलून मोजलं. तेच.

“मला काही होत नाही,” म्हणाले. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग यंत्रच खोटं.

हे शाळेची बस चालवतात. सव्वीस पोरं. लाल पेन उघडलं आणि लिहिलं.

८ मार्च

भाजीत मीठ निम्मं. यांनी ताट सरकवलं. सासूबाईंनीही सरकवलं. मी तिघांचं जेवले. अन्न टाकत नाही मी.

९ मार्च, सोमवार

सिस्टर आली. यांना रोज एक गोळी. दोन आठवड्यांच्या चौदा गोळ्या मोजून दिल्या. बिडी सोडा, मीठ सोडा, रोज अर्धा तास पायी चाला म्हणाली. हे मान डोलवत होते. जावई सासऱ्यापुढे डोलवतो तशी.

१४ मार्च, शनिवार

दुसरी मोजणी, आणि संताप, संताप!

शिंपी म्हणतो नऊच्या दोन पुड्या झाल्या. त्याची बायको मागे उभी राहून मला डोळ्यांनी सांगते, नाही हो. मी नऊ लिहिले. तो चिडला. सगळ्यांसमोर विचारलं की वहिनींना माझ्या तोंडात कोणी बसवलंय.

दुकानदार आणखी पुढचा. “वहिनी, दोन आकडे इकडचे तिकडे. त्यात कोणाच्या बापाचं काय जातंय?”

म्हटलं, ते तुमच्या तराजूवर करता तेवढं पुरे. या वहीत नाही.

गल्लीभर हशा झाला. तो हसला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. देवासमोर बसले तेव्हाही तेच आठवून हसू येत होतं.

१९ मार्च, गुरुवार

यांच्या गणवेशाचा शर्ट धुवायला घेतला. एका खिशात खाऱ्या दाण्यांचा कागद, दुसऱ्या खिशात बिडीचं बंडल. त्यात चारच शिल्लक.

मी इथे पाव चमचा मीठ मोजते! सासूबाईंच्या शिव्या खाते! आणि हे बसमध्ये बसून दुकानदाराचे दाणे खातात.

विचारलं तर म्हणाले की दिवसभर त्या पोरांचा आरडाओरडा डोक्यात असतो, एवढंच एक सुख. मी म्हटलं, मला कोणतं सुख आहे ते सांगा, मीही खिशात घालून फिरते. गोळी मात्र रोज घेतात. मी समोर उभी राहून घ्यायला लावते.

आणि आज शाळेतून कागद आला. व्यवस्थापकाची सूचना. सगळ्या चालकांनी आपल्या गल्लीच्या आरोग्यवहीतला उतारा आणायचा. लिहिणाऱ्याची सही, सिस्टरचा शिक्का. लाल आकडा असेल त्याला तूर्त बसवर घेणार नाहीत.

तूर्त म्हणजे किती, ते कागदावर नाही.

२१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार.

यांना सगळ्यांच्या आधी, स्वयंपाकघरात मोजलं. १७२ आणि १०८. गोळीने फार काही उतरलं नाही. उतरेल कसं, वरून गोळी, खालून दाणे! पालथ्या घड्यावर पाणी.

लाल पेन घेतलं तर यांनी माझा हात धरला. सत्तावीस वर्षांत असा धरला नव्हता.

“बस गेली तर मी घरी बसून काय करू? तू सांग. मी दुसरं काही शिकलेलो नाही.”

ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी लिहिलं असतं.

निळ्या पेनाने लिहिलं — १२८/८४.

मग उतारा केला. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचाच राग येतो. हात तरी अडखळायला हवा होता.

म्हणाले, आता नक्की सोडतो, बिडी, दाणे, सगळं. पुढच्या महिन्यात हाच आकडा खरा करून दाखवतो. म्हणजे उधारीवर आकडा. शिंप्याचे नऊ नऊच लिहिले मी आठवड्यापूर्वी! आपला तो बाब्या.

संध्याकाळी जप झाला नाही. देवाकडे पाठ करून बसले होते की देव माझ्याकडे, कळलं नाही.

२३ मार्च, सोमवार

सिस्टरने उताऱ्यावर शिक्का मारला. मग वहीतला आकडा बघून माझे दोन्ही हात हातात घेतले. “काकू, हे तुमच्या मिठाच्या डब्याने केलंय. काकांची गोळी थांबवून बघू.”

गोळ्यांचं पाकीट पिशवीतून बाहेर आलेलं. तिने परत आत ठेवलं.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. आता बोलावं, आता बोलावं. बोलले काय? साखर कमी घातलीय, एवढंच.

२४ मार्च

औषधाच्या दुकानात गेले. गोळीचं नाव सांगितलं. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. चिठ्ठी कशाच्या जोरावर मागू? वहीत तर माणूस धडधाकट आहे.

२८ मार्च, शनिवार

सासूबाई गल्लीभर सांगून आल्या, सुनेने पंधरा दिवसांत पोराचा दाब खाली आणला. त्यांना खरंच वाटतंय. त्या बिचाऱ्या अळणी खाऊन दमल्या, त्यांना फळ मिळाल्यासारखं झालंय.

पण शिंप्याची बायको वेडी नाही. २१ तारखेला ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाटी मागायला आली होती, आणि यंत्राचे आकडे हाताएवढे मोठे. आज सगळ्यांच्या आधी आली. हळूच म्हणाली, “आमच्यांचंही तेवढं उतरवा ना वहिनी. तुमचं कोणाला बोलणार नाही मी.”

धमकी नव्हती ती. विनवणी होती. तेच वाईट.

उतरवलं. तिने दुकानदाराच्या बायकोला सांगितलं असणार, कारण पुढचे कोणी दंड पुढे करायलाच तयार नाहीत. “तुम्हीच लिहा हो, तुम्हाला माहीतच आहे.” दुकानदाराने तर हात जोडले, वर डोळा मारला. मला बोलायला जागाच नव्हती. तराजूचं बोलले होते ना!

पट्टा गुंडाळीतच राहिला. त्रेचाळीस माणसं, एकही लाल नाही. तंबाखू शून्य. चालणं अर्धा तास. सगळी गल्ली एका तासात बरी झाली.

४ एप्रिल, शनिवार

आज कोणी आलंच नाही. बसल्या बसल्या वही भरली. मागच्या वेळेपेक्षा एक-दोन अंक कमी करत गेले, म्हणजे खरं वाटेल. खोटं लिहिण्यातही मी टापटीप!

६ एप्रिल, सोमवार

सिस्टर आली. सोबत कचेरीचा माणूस आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र. शहरातली पहिली निरोगी गल्ली — आमची. दुकानदाराने ते पत्र आपल्या दुकानात लावून घेतलं. तंबाखूच्या पुड्यांच्या माळेशेजारी.

कचेरीच्या माणसाने मग पुढचं वाचलं. इथलं काम पूर्ण झालं आहे. यंत्र, काटा, तक्ते आणि सिस्टरच्या फेऱ्या दुसऱ्या, गरजू गल्लीत जातील. शुक्रवारी हातगाडी येईल.

गरजू!

पलीकडच्या म्हातारीला गेल्या महिन्यापासून गोळ्या चालू आहेत. तिने सिस्टरला विचारलं, माझ्या गोळ्या? सिस्टरने वही उघडून दाखवली. आजी, तुमचं आता छान आहे. म्हातारीला वाचता येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी.

१० एप्रिल, शुक्रवार

हातगाडी दहाला आली. नऊला यांना बळजबरीने बसवलं आणि मोजलं. १९४. खाली ११६.

हे म्हणाले, यंत्र जायचंय म्हणून रुसलंय. हसले. मला हसायला आलं नाही. म्हटलं, आज बस नका काढू. म्हणाले, उतारा दिलाय ना तू.

शिंप्याने दुपारीच दहावी पुडी आणली. चालतोय बिचारा.

१३ एप्रिल, सोमवार

हे दुपारी बाराला घरी आले. पायी. बसची पिशवी हातात नाही. उजव्या हाताने डावा हात धरलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

पाणी दिलं. अर्धं अंगावर सांडलं. मग सांगितलं. मोठ्या रस्त्याच्या वळणावर समोरचा दिवा दोन-दोन दिसायला लागला आणि डावा हात चाकावरून गळून पडला. उजव्या हाताने कशीबशी बाजूला घेतली. मागे सव्वीस पोरं. त्यांना वाटलं गंमत आहे, टाळ्या वाजवल्या.

शाळेत काय सांगितलंत, मी विचारलं. टायर बसला म्हणून सांगितलं. उद्या पुन्हा जायचंय.

मी अंगातलं सगळं बळ काढून ओरडणार होते. हळूच म्हटलं, “ती पोरं मी बसवली होती तुमच्या बसमध्ये. सही माझी आहे.”

हे रडले. मी नाही रडले. मला इतका राग आला होता — यांचा, त्या दुकानदाराचा, मिठाचा डबा तुमच्या हातात म्हणणारीचा, आणि सगळ्यात जास्त या गोल गोल, सुबक, देखण्या अक्षराचा.

रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच ठेवून घेतलं. म्हणाले, लकव्याचा झटका येऊन परत फिरलाय, दर वेळी फिरत नाही. गोळ्या कधी थांबवल्या, विचारलं.

२३ मार्चला, म्हटलं. का थांबवल्या तेही सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा लिहायला लागले.

१४ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात, यांच्या पलंगाशेजारी बसून लिहिलं. एक प्रत शाळेत, एक कचेरीत. नक्कल इथे —

आरोग्य अधिकारी यांस. आमच्या गल्लीच्या वहीतले २१ मार्चपासूनचे आकडे खोटे आहेत. ते मी लिहिले. शाळेला दिलेला उताराही खोटा, तो रद्द समजावा. खरा आकडा माझ्याकडे एकाच माणसाचा आहे, माझ्या नवऱ्याचा, १९४/११६. बाकी बेचाळीस जणांचं काय आहे ते मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पलीकडच्या आजींच्या गोळ्या आठ दिवस बंद आहेत, त्यांच्याकडे आधी यावं. प्रशस्तिपत्र दुकानातून काढून या पत्रासोबत परत केलं आहे. माझ्या सहीखाली माझ्या नवऱ्याची सही आहे, ती मी मागितली नव्हती. सिस्टर कोणत्या दिवशी येतील ते उलट टपाली कळवावं.