अंकू वर्गात बोलत नाही

१६ जून २०२५

अंकूची शाळा सुरू झाली. पहिली! ती रडली नाही. मीच गेटबाहेर डोळे पुसत उभी राहिले.

तिचा गणवेश आमच्याच कारखान्यातला. मी रोज ढिगानं कॉलरी शिवते, पण आपल्या लेकीच्या मानेभोवती बघितली की वेगळंच वाटतं. गणवेश थोडा मोठा झालाय. वर्षभर पुरेल.

२८ जून

पालक सभा. अंकूच्या वर्गाच्या चेतनाबाईंनी फार लांबण लावली नाही. दिवाळीपर्यंत अक्षरं ओळखतील, संक्रांतीनंतर छोटी वाक्यं वाचतील. कुणाचं आधी होईल, कुणाचं मागनं. पेन्सिली रोज हरवणार. डबा कधीकधी तसाच परत येणार. शेजारच्या मुलाशी तुलना करायची नाही. "आणि घरी मुलांशी बोला. भरपूर बोला. मला एवढंच पाहिजे."

एक बाबा म्हणाले, "होमवर्क देत नाही का तुम्ही?" बाई नुसत्या हसल्या.

सगळे गेल्यावर मी विचारलं — अंकू बोलते का वर्गात?

"अजून नाही. पण ऐकते सगळं."

बोलणार कशी? मी आणि दिग्विजय दोघं कामाला, सासूबाई तेव्हा गावी, म्हणून ती पाच वर्षांची होईपर्यंत माझ्या आईकडं मैंदर्गीला वाढली. अव्वा तिच्याशी कानडीच बोलते. मीसुद्धा. हिला मराठी कळतं बऱ्यापैकी, तोंडातून येत नाही. मी मैंदर्गीत मराठी शाळेतच शिकले, मला कधी अडलं नाही. हिचंही होईल.

९ जुलै

दुपारी कारखान्यात शाळेतून फोन. अंकूनं वर्गात शू केली. कसं विचारायचं ते येत नव्हतं, दाबून बसली.

वर तिचं नाव पडलंय — "नीरबेकू". पाणी मागताना "नीर बेकू" म्हणाली, तेव्हापासून पोरं तेच म्हणतात.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आजपासनं ह्या घरात कानडी न्हाय. एक शब्द न्हाय! पोरगीचं हसं करायचं हाय का तुला?"

दिग्विजय म्हणाला, "आई बरोबर बोलती की."

मलाही तसंच वाटलं. हो म्हणाले.

१२ जुलै

ती कानडीत काही सांगायला आली की मी म्हणते, "मराठीत सांग." ती थांबते. माझ्याकडं बघते. मग जाते खेळायला.

सवय होईल.

२ ऑगस्ट

अव्वाचा फोन. मी तिला आधीच सांगून ठेवलेलं — मराठीत बोल. अव्वा म्हणाली, "मला मराठी येतंय ते बाजारापुरतं. नातीला काय भाव विचारू?" तरी बिचारीनं "जेवलीस का?" विचारलं. अंकूनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली.

२३ ऑगस्ट

घर शांत झालंय. पूर्वी भाकरी थापताना माझ्या पाठीला टेकून बडबडायची. आता बोट दाखवते. पाणी — बोट. भूक — ताटाकडं बोट.

सासूबाई म्हणतात, शहाणी झाली.

८ सप्टेंबर

सकाळी तिच्या उशीवर पू. कानातून आलेला! अंग तापलेलं. कामावर खाडा केला आणि दवाखान्यात पळाले. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "किती दिवस दुखत असणार हिला! काही बोलली नाही?"



परत येताना रिक्षात तिला मांडीवर घेतलं. "किवी?" एवढंच विचारलं — कान? आणि ती सुटलीच! सगळं कानडीत. कान कधीपासून दुखतोय, झोपताना कुठल्या कुशीवर बरं वाटतं, युवराज नावाचा मुलगा चिडवतो, बाई चांगल्या आहेत, बाईंच्या टेबलावर डबीत खडू आहेत, गुलाबीसुद्धा. घर येईपर्यंत थांबली नाही. रिक्षावाले काका मागं वळून हसले.

का नाही सांगितलंस मला? विचारलं.

म्हणाली, मराठीत येत नव्हतं.

११ सप्टेंबर

शाळेत जाऊन चेतनाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील बरं केलंत. बाईंनी हातातली वही मिटली.

"मी घरी बोला म्हणाले होते. मराठीतच बोला असं कधी म्हणाले?"



मग त्याच थोड्या नरमल्या. "माझंही चुकलं. मी गप्प पोरगी म्हणून सोडून दिलं. मला सांगा, शूला जायचंय हे ती कसं म्हणते? दुखतंय कसं म्हणते?" मी सांगत गेले, त्या पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या. उच्चार असे की मला हसू आलं. त्यांनाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं — मी लेकीशी कानडीत बोलणार. त्या उठल्या. ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन जेवल्या.

१९ सप्टेंबर

आज वर्गात बाईंनी विचारलं, "पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" तेलुगू विणकरांच्या घरातला गुरु नावाचा मुलगा म्हणाला, नीळ्ळू. एकीनं सांगितलं, पानी. मग बाई अंकूकडं बघत थांबल्या. खूप वेळ थांबल्या म्हणे.

"नीर."

बाईंच्या प्रश्नाला तिचं पहिलं उत्तर! बाईंनी तो फळ्यावर लिहिला. मधल्या सुट्टीत युवराजच विचारायला आला, भाकरीला काय म्हणतात?

हे सगळं अंकूनं मला सांगितलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी. तिला कळलंसुद्धा नाही कुठं काय बदललं ते.

४ ऑक्टोबर

सासूबाई अजून घुश्श्यात. आम्ही कानडीत बोलायला लागलो की उठून गॅलरीत जातात. दिग्विजय म्हणतो, "मला मधे ओढू नका." बरं. नाही ओढत.

७ डिसेंबर

अक्षरं दिवाळीपर्यंत आली नाहीत. आत्ता येतायत. "ळ" मात्र छान काढते.

कारखान्यात लग्नसराईमुळं अर्ध्या बायका सुट्टीवर. दमले.

१८ जानेवारी २०२६

काल गड्ड्याच्या जत्रेत अंकूनं पाळण्यावरची पाटी वाचली. "उभे रा-हू न-ये." दिग्विजयनं तिला तिथल्या तिथं खांद्यावर घेतलं.

सासूबाईंना घरी येऊन सांगितलं. "हां," म्हणाल्या. परत तांदूळ निवडायला लागल्या. मला वाईट वाटलं. नातीवर कसला राग?

२१ फेब्रुवारी

चेतनाबाई म्हणाल्या, "आता हिला गप्प बस म्हणावं लागतं."

दिवसभर हसू येत होतं.

८ मार्च

अंकू जिन्यावर पडली, गुडघा फुटला. मी मोरीत कपडे धूत होते. हात पुसत पळाले, तर बाहेरच्या खोलीतून आवाज — "अळबेड कूसा, अळबेड." रडू नको लेकरा. मला वाटलं, अव्वा आली मैंदर्गीहून!

सासूबाई होत्या. अंकू त्यांच्या मांडीवर. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ल्हानपनी वैरागला मामाकडं जायच्या आदी आमी कानडीच की. तितल्या साळंत पोरं लई हसली. मग साळा बी सुटली, बोलनं बी."

दिग्विजय दारात उभा होता. त्यानं आईची भाषा आज पहिल्यांदा ऐकली.