बोर्ड उतरवल्यानंतर

अण्णा,

आम्हाला पैसे पुरवणाऱ्या कंपनीनं परवा हात काढून घेतला. मुलांनी घरी गणितं सोडवावीत म्हणून केलेलं आमचं सॉफ्टवेअर, कुणालाही फुकट मिळणारं, आतून उघडून दुरुस्त करता येणारं, आता त्यांच्या कामाचं नाही म्हणे. तुम्ही संगणकाला कधी हात लावला नाही, पण यातलं सगळं तुम्हाला कळलं असतं. रीत तुमचीच आहे.

भूकंपानंतर तुम्ही रोज लातूरहून जीपनं किल्लारीच्या पत्र्याच्या शाळेत गणित शिकवायला जायचात. सुट्टीत मीही यायची. तुमची उदाहरणांची वही मुलं पाळीपाळीनं घरी न्यायची, उतरवून घ्यायची, आणि परत देताना तुमची एक तरी चूक लाल पेनानं दुरुस्त करायची. चूक नाहीच सापडली तर एक नवं उदाहरण घालायचं. नुसती उतरवून आणलेली वही तुम्ही परत घेत नव्हता. मग मदत करणारी संस्था गेली. त्यांची माणसं येतात, दारावरचा बोर्ड काढून टेम्पोत टाकतात. मुलं दप्तरं उचलून उभी राहतात. तुम्ही फळ्याकडून वळतही नाही.

"बोर्ड नेलाय, फळा हाय की. बसा खाली."

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते आणि मला सगळ्यांच्या पुढं जायचं होतं. दहावीच्या वर्षी मी ती वही गादीखाली दडवली आणि हरवली म्हणून सांगितलं. सापडल्यावर तुम्ही मारलं नाही. ती पूर्ण वही तीनदा उतरवायला लावलीत आणि किल्लारीच्या पोरांना माझ्याच हातानं द्यायला लावलीत. किती राग आला होता तुमचा.

काल इथल्या एका मोठ्या क्लासच्या सरांचा फोन आला. म्हणाले, सॉफ्टवेअर आम्ही चालवतो, तुम्हालाही कामावर ठेवतो, फक्त यापुढचं सगळं आमच्याच विद्यार्थ्यांपुरतं ठेवा. कंपनी गेल्यावर या कामाला आम्ही तिघंच उरलोय, हे त्यांना ठाऊक होतं. कंपनी गेली म्हणजे काम मेलं, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. आज सकाळीच देगलूरच्या एका शिक्षिकेनं आमचं एक चुकलेलं उत्तर दुरुस्त करून पाठवलं, वर घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांसाठी चार नवी उदाहरणं. तिला मी ओळखतही नाही. ती आहे तोवर हे चालेल, आणि कुणीच नाही उरलं तर मी एकटी चालवीन. सरांना आत्ताच नकार कळवला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. काल फोनवर मी त्यांना हो म्हणाले होते, अण्णा. गादीखाली वही सरकवताना वाटलं होतं, तसंच हलकं वाटलं होतं.