काळ्या मेंढ्याची दुहेरी हनुवटी

३ जून, सकाळ
शार्शेनने तंबू नेमका आमच्या नाकासमोर ठोकलाय. त्याच्या मेंढ्या ढोल! आमच्या तेवढंच खातात, पण अंगी लागेल तर शपथ. हगवण मात्र जोरात. नजर, दुसरं काय? नजर उतरवायला अर्चाच्या झाडाच्या फांद्या जाळून कळपाला धूर दिला.

७ जून
शार्शेन औषध घेऊन आला. म्हणे दादा, जठरात जंत झालेत. रक्त पितात, तिथला आंबटपणा घालवतात, मग चारा पचणार कसा? मोठा आला डॉक्टर! माझ्याहून दहा वर्षांनी लहान. हाकलला. बायकोने, उल्कानने, त्याला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पाजलं. वर म्हणते, किती गोड बोलतो. नवऱ्याला कुमिस विचारलं नाही.

१२ जून
संकल्प : शार्शेनकडे बघायचं नाही. रविवारी मीरिमचे होणारे सासरे कालमात येणार. पाहुणचार मानवला तर लग्नाची तारीख ठरणार. उल्कान म्हणते कापायचा मेंढा शार्शेनकडून आणू. माझ्या पोरीच्या लग्नात त्याचा मेंढा? रागाने जेवलो नाही.
नंतर जेवलो.

१३ जून
शार्शेनकडे चारदाच बघितलं.

१५ जून
देव पावला! काळ्या मेंढ्याला दुहेरी हनुवटी सुटली. शार्शेनच्या एकाला तरी आहे का? मुद्दाम त्याच्या तंबूवरून फिरवून आणला. म्हणाला, दादा, ती चरबी नाही, पाणी आहे. जळतोय मेला!
उल्कानने चोरून कळपाला त्याचं औषध पाजलं. काळ्याला मी वेळीच लपवला.

१८ जून, रविवार
कापण्याआधी रिवाजाप्रमाणे कालमातनी काळ्याला दुवा दिली. कापला. हनुवटीतून पाणी आलं. जठर उघडलं तर केसाएवढे लाल जंत वळवळतायत. कालमात हात धुवायला गेले. मीरिम रडायला लागली. उल्कान सरळ शार्शेनकडे धावली. त्याने आपला सगळ्यात चांगला मेंढा आणला, वर पैसे घेईना. नालायक.

संध्याकाळ
तारीख ठरली. मानाचं मुंडकं कालमातपुढे ठेवलं. त्यांनी ते शार्शेनपुढे सरकवलं. शार्शेनने एक कान कापला आणि अदबीने मला दिला. आमच्यात कान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून.
मी बावन्न वर्षांचा. सगळ्यांसमोर खाल्ला.
तोही मेला चविष्ट निघाला.